दांडा आडवा की उभा

बटणाला चार भोकं असतात आणि ती चारही मधोमध असावी लागतात. सत्तावीस वर्षं रोज आठ तास एवढंच पाहत राहिलं की माणसाचं जे होतं, ते थोरलीचं झालं होतं. कारखान्यात पट्ट्यावरून बटणं सरकत येत. संशय आला की तिने बटण उचलायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवायचं आणि खोट दिसली की डाव्या हाताच्या डब्यात टाकायचं. डबा भरला की दिवस चांगला गेला. तिथे तिला सगळे भिंगबाई म्हणत. ती समजे, कौतुकाने म्हणतात. पुढे बऱ्याच बाबतींत तिची समजूत अशीच निघाली, पण ते ओघाने येईल.

घरीही हात थांबत नसे. चमचा, अंडं, धुवून आलेली उशीची खोळ, शेजारणीने दिलेली बशी, सगळं आधी उजेडात. लग्नाचंही तेच झालं. तीन स्थळं आली. एकाची मान किंचित डावीकडे झुकत होती. दुसरा चहा पिताना आवाज करायचा. तिसऱ्याने उलट तिलाच उजेडात धरून पाहिलं आणि पुढे काही कळवलंच नाही. हे ती आता स्वतःच सांगते आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसते. थोरलीचं व्हायच्या आधी धाकटीचं कसं करायचं म्हणून धाकटीचंही राहून गेलं, हे मात्र ती सांगत नाही.

आई-वडील गेल्यावर त्यांच्या अरुंद दुमजली घरात दोघी बहिणी राहिल्या. धाकटी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेची भांडी विसळायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मुलांनी काही सांडलं की आरडाओरडा न करता पुसून घ्यायचं. आरडाओरडा न करणं हा तिचा मूळचाच स्वभाव. थोरलीच्या मते स्वभावच थंड. 'हिला आग लागली तरी ही आधी चपला शोधेल,' असं ती पाहुण्यांना सांगायची, धाकटीच्या देखत.

अठरा वर्षांपूर्वी त्यांनी वरची खोली एका भाडेकरूला दिली होती. हडकुळा, दाढीवाला, दिवसभर चित्रं काढत बसणारा. अकरा महिने राहिला आणि गेला. त्याच्या पेन्सिलींचा भुसा जिन्यात पडतो, या विषयावर थोरली त्याच्याशी रोज बोलायची. तो मान डोलवायचा आणि तिच्याकडे फार लक्ष देऊन पाहायचा. तिला वाटायचं, शिकतोय.

तीन वर्षांनी टीव्हीवर 'दलदलीतलं बिऱ्हाड' नावाची कार्टून मालिका सुरू झाली. पाणथळ जागेतल्या एका पडक्या घरात पक्ष्यांचं एक कुटुंब राहतं आणि रोज काहीतरी घोळ घालतं, एवढीच कथा. पण शेवटी नावांची पाटी सरकली आणि त्यात भाडेकरूचं नाव दिसलं. थोरली खुर्चीवरून उठून टीव्हीला जवळजवळ नाक लावून उभी राहिली. मालिका तिची झाली ती त्या क्षणापासून.

सातवा भाग होता 'गळका नळ'. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागतो आणि टिटवी, म्हणजे घरातली सर्वांत मोठी पक्षीण, नळवाल्याला बोलावू देत नाही. तिला सगळं येतं. 'मी काही बोलत नाही, पण...' असं म्हणून ती बोलायला लागते ती बावीस मिनिटं थांबत नाही. पाणी चढतं, पलंग तरंगतात, बगळा टेबलावर, टिटवी कपाटावर, आणि तिथूनही तिच्या सूचना चालूच. त्या घरात एक बदकही आहे. ते सगळ्या भागात एक शब्द बोलत नाही.

या मालिकेच्या वेड्यांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-नऊ जण जमायचे. अध्यक्ष होते मोजणीवाले काका. नोकरीत असताना त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर ते कार्टूनची चित्रं पट्टीने मोजत. मंडळाची पद्धत अशी, की जो जे बोलेल ते काका वहीत जसंच्या तसं उतरवून घेत, म्हणजे पुढच्या खेपेला कुणी शब्द फिरवू नये. मंडळात शब्द फिरवण्याचे प्रसंग फार येत. कारण चार वर्षं तिथे एकच भांडण चाललं होतं.

भांडण दांड्याचं होतं. 'गळका नळ'मध्ये तिसऱ्या मिनिटाला जिन्याखाली पाण्याचा मुख्य कॉक दिसतो आणि त्याचा दांडा आडवा असतो, म्हणजे पाणी बंद. पाचव्या मिनिटाला तोच दांडा उभा, म्हणजे पाणी चालू. मधे त्याला कुणी हात लावलेला दाखवलेला नाही. मग ही चित्रकारांची चूक, की मुद्दाम काढलेलं?

नर्सबाई मुद्दाम पक्षाच्या पुढारी. रुग्णालयातली रात्रपाळी करून थेट बैठकीला येत आणि जांभया देत देत भांडत. चूक पक्षाची पुढारी अर्थातच थोरली. "सत्तावीस वर्षं चुका काढतेय मी," ती म्हणायची. "चूक मला लांबून वास येऊन कळते. यांनी दांडा काढला, चहा प्यायला गेले, आले, विसरले. मुद्दाम कसलं डोंबलाचं!"

पण थोरलीचं मंडळात वजन होतं ते दांड्यामुळे नव्हे. ते घर तिचं होतं. मालिकेतल्या किटलीचं झाकण दोऱ्याने बांधलेलं होतं, तिच्या किटलीचंही. मालिकेतल्या जिन्याची चौथी पायरी करकरायची, तिचीही. आणि टिटवी? टिटवीच्या अंगात निळा स्वेटर होता आणि त्याचं प्रत्येक बटण वेगळं होतं. तसा स्वेटर घरात एकच होता, थोरलीने विणून कारखान्यातली नापास बटणं लावलेला, धाकटीचा. तेव्हा टिटवी म्हणजे धाकटी. सरळ हिशेब.

हा हिशेब तिने मंडळाला सांगितला, कारखान्यात सांगितला, दूधवाल्याला सांगितला. धाकटीच्या शाळेच्या वार्षिक समारंभात मुख्याध्यापिकेला सांगितला. "टीव्हीवरची टिटवी ती हीच बरं का," म्हणून धाकटीला पुढे ढकललं. मुलांना कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या दाराबाहेरून टिटवीचे आवाज यायला लागले.

धाकटी आत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली. मग एकदा ती पाव आणायला गेली होती, तिथे नर्सबाई भेटल्या. "काय टिटवीताई!" म्हणून त्यांनी भर दुकानात हाक मारली. धाकटी घरी आली, पाव टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "शाळेजवळ एक खोली बघितलीय. चालत पाच मिनिटं."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. गुडघे दुखतात, बस नको वाटते."

थोरलीने पाव उचलून उजेडात धरला. एकोणपन्नास वर्षं जी शेजारच्या पलंगावर झोपली, ती आता शाळेतून पाच मिनिटं चालत जाणार कुठे, तर दुसऱ्याच कुणाच्या घरी! पण 'जाऊ नकोस' हे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघेनात. तिने खोली न बघताच तिच्यातल्या खोटी काढायला सुरुवात केली. शाळेजवळ म्हणजे गोंगाट. घरमालकीण म्हणजे कटकट. खाली गिरणी असेल, पीठ उडेल. धाकटी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बुधवारी हो-नाही कळवायचंय."

त्यात मंडळाने ठरवलं होतं, 'गळका नळ'ला पंधरा वर्षं झाली म्हणून एक पुस्तिका काढायची. प्रेरणेवरचं प्रकरण थोरलीने लिहायचं आणि येत्या रविवारच्या बैठकीत वाचून मंजूर करून घ्यायचं. थोरलीला कल्पना सुचली. बुधवारी हो कळवणारच असेल तर त्याआधी निदान साक्षीला तरी यावी. खरीखुरी टिटवी समोर बसलेली असताना कोण काय बोलेल? आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की तिलाही वाटेल, घरात राहण्यात काही मान आहे. आता ती हे आठवते तेव्हा कपाळावर हात मारून घेते. बहिणीला थांबवायचं होतं, आणि त्यासाठी तिने निवडली होती नेमकी तीच गोष्ट, जिच्यामुळे ती चालली होती.

"येतेस ना?" तिने विचारलं.

"बोलावं लागेल?"

"छे! तू नुसती बस. बोलायला मी आहे."

"ते आहेच," धाकटी म्हणाली.

रविवारी खोली भरली होती. थोरलीने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "टिटवी हे पात्र माझ्या धाकट्या बहिणीवरून घेतलेलं आहे, हे मी पुढील पुराव्यांनी सिद्ध करते." किटली झाली, पायरी झाली, स्वेटर झाला. धाकटी मांडीवर पिशवी धरून बसली होती. टाळ्या पडल्या. मोजणीवाले काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि धाकटीकडे वळले.

"साक्षीदार आल्याच आहेत तर एक विचारतो. तुमच्याकडे तेव्हा खरंच पाणी भरलं होतं म्हणतात. तो दांडा... म्हणजे तुम्हाला काही आठवतं का?"

"कसला दांडा?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चार वर्षं ज्यावरून मंडळात बशा आदळल्या, तो विषय थोरलीने घरी कधी काढलाच नव्हता. धाकटीला त्यातलं काय कळणार म्हणून. काकांनी दोन छापील चित्रं टेबलावर ठेवली. धाकटीने चष्मा लावून ती पाहिली.

"हा आडवा आहे, कारण बदकाने बंद केलाय," ती म्हणाली.

"आणि पाचव्या मिनिटाला?"

"उघडला परत."

"कुणी?" नर्सबाईंची जांभई अर्ध्यावरच राहिली.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं.

"सांग की," थोरली मोठ्या मनाने म्हणाली. "घाबरतेस काय? इथे सगळे आपलेच आहेत."

"ताईने."

काकांचं पेन थांबलं. धाकटी सांगायला लागली, प्रयोगाची कृती सांगावी तशी, एकेक पायरी. पाणी यायला लागलं तेव्हा ती घरी एकटी होती. तिने जिन्याखाली जाऊन कॉक बंद केला. दांडा आडवा झाला. ती फरशी पुसत होती तेवढ्यात ताई कारखान्यातून आली. "तिला दांडा वाकडा दिसला. 'हे कुणी तिरकं करून ठेवलंय?' म्हणाली आणि सरळ केला. मग वर येऊन मला सांगायला लागली, पाणी कसं थांबवायचं. भाडेकरू जिन्यातच बसला होता वहीवर काहीतरी काढत. त्याने दोन्ही पाहिलं."

नर्सबाईंनी टेबलावर असा हात आपटला की कप नाचले. "मुद्दाम! मी सांगत होते! चार वर्षं सांगत होते! चूक नाहीच ती!"

"थांबा, थांबा," काका म्हणाले. ते घामाघूम झाले होते. "म्हणजे बंद केला ते बदक, आणि ज्यांनी उघडला त्या..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माणूस सभ्य होता.

"असं कसं?" थोरली म्हणाली. "स्वेटर हिचा होता. मी विणलाय!"

"माझाच होता," धाकटी म्हणाली. "पण त्या हिवाळ्यात तूच घालत होतीस. तुझा आकसला होता ना, धुताना."

आकसला होता खरा. थोरलीला आठवलं. गरम पाण्यात तिनेच टाकला होता, धाकटीने नको म्हटलेलं असताना.

"असेल," ती म्हणाली. "असेलही. मी काही बोलत नाही, पण..."

थोरलीने स्वतःचंच वाक्य ऐकलं. तिकडे काका हळूच वहीची मागची पानं उलटत होते. त्यांचे ओठ मोजत होते. "नको, काका," नर्सबाई पुटपुटल्या. पण मोजणीवाल्याला मोजू नको म्हणून कोण थांबवणार? "या वर्षीच्याच बैठकींत फक्त... सदतीस वेळा," ते म्हणाले आणि ओशाळून वही मिटली.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून थोरलीने समोरच्या बशीतलं बिस्किट उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, एकदा इकडून फिरवलं, एकदा तिकडून. आणि मग तिला दिसलं की सगळे तिच्या हाताकडे पाहतायत. अकराव्या मिनिटाला टिटवी हेच करते, पुरात वाहून आलेल्या माशाला. तिथे सगळं मंडळ हसायचं. आजवर तिला कळलंच नव्हतं की त्यात हसण्यासारखं काय आहे. वस्तू घ्यायच्या आधी माणसाने बघायला नको?

पहिलं हसू फुटलं ते नर्सबाईंचं. मग काका, मग सगळी खोली. धाकटी तेवढी हसली नाही. थोरलीने बिस्किट तोंडात टाकलं. ते नरम पडलेलं होतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

घरी जाताना दोघी बराच वेळ गप्प चालल्या. धाकटीला सवय होती. थोरलीला धाप लागली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" तिने शेवटी विचारलं.

"तो भाग पहिल्यांदा लागला तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? पंधरा वर्षं? मी तुला सगळीकडे टिटवी टिटवी म्हणून..."

"तुला केवढा आनंद झाला होता. टीव्हीपुढे उभी राहून उड्या मारत होतीस. मला वाटलं, होईल चार दिवसांत कमी." धाकटीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नाही झाला."

"आणि खोली? ती गुडघ्यांसाठी नाहीच ना?"

"गुडघे दुखतातच." थोडं चालून ती म्हणाली, "मुलं टिटवीचा आवाज काढतात ना ताई, तेव्हा मला राग येत नाही. मला वाईट वाटतं की मी कधी एवढं बोललेच नाही, आणि नाव मात्र माझं."

थोरलीला रडू आलं, तेही तिच्या पद्धतीने, म्हणजे आधी रुमालाची घडी नीट आहे का ते पाहून. त्या संध्याकाळी तिने प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. 'टिटवी म्हणजे मी' हे वाक्य लिहायला तिला दोन तास आणि सहा कागद लागले. पुढचं मात्र भराभर आलं. स्वतःच्या खोडी शोधताना तिचा हात असा काही चालला की प्रकरण चार पानांऐवजी अकरा पानांचं झालं. कापायला सांगितलं तर आपण काकांशी भांडू, हेही तिला लिहिता लिहिताच कळलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकेला म्हणाली, "मागे मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते उलटं आहे. टिटवी मी आहे. मुलांना सांगा." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हो का? बरं." त्यांना मुळात काय सांगितलं होतं तेच आठवत नव्हतं. मुलांना मात्र आठवत होतं. थोरली फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिच्या मागून आवाज आले, आणि तिने मागे वळून हात केला.

बुधवार आला. धाकटी म्हणाली, "खोली बघायला येतेस?"

म्हणजे जाणं रद्द झालं नव्हतं. थोरलीच्या मनात आलं होतं की एवढं सगळं झाल्यावर होईल. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि चपला घातल्या. वाटेत तिने मनाशी पक्कं केलं, एक अक्षर बोलायचं नाही. हिला हवी ती खोली हिला मिळू दे.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. घरमालकीण पुढे, मागे धाकटी, शेवटी थोरली, हात पाठीमागे बांधून. खाली गिरणी नव्हती. भिंती पांढऱ्या, कपाट नवं, एक पलंग. एकच पलंग पाहून थोरलीला कसंसंच झालं. मग तिला दिसलं की खिडकीचं एक दार खाली उतरलंय आणि नीट लागत नाही. कपाटाच्या दोन मुठी एका रेषेत नाहीत. दाराखाली बोटभर फट. छताला ओल, बशीएवढी. ती एकेक गिळत गेली.

"या तुमच्या कोण?" घरमालकिणीने धाकटीला विचारलं.

थोरली वाट पाहत राहिली. टिटवी कोण ते आता सांगायचा हक्क धाकटीचा होता. आपण गावभर सांगितलं होतं, तर हिने एकदा सांगायला काय हरकत?

"माझी मोठी बहीण," धाकटी म्हणाली.

"मग ताई, कशी वाटली खोली?"

"छान आहे," थोरली म्हणाली. "उजेड चांगला आहे."

धाकटीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "आणखी?"

"आणखी काय? छान आहे म्हटलं ना."

"ताई, तू आजारी आहेस का?"

"नाही."

"तुला खिडकी दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"मी गप्प बसणार होते."

"आता बसू नकोस. मला इथे राहायचंय. थंडीत मी कुडकुडत बसू का? काय काय आहे ते सांग बघू."

मग थोरलीने सांगितलं. खिडकी, मुठी, फट, ओल, आणि जिन्यातल्या दिव्याचं बटण उलटं बसवलेलं होतं तेही. सांगता सांगता तिचा आवाज चढला, हात पाठीमागून सुटून पुढे आले, मुठींच्या रेषेपाशी बोट गेलं. घरमालकीण भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटी ऐकत होती आणि जे महत्त्वाचं ते बोटांवर मोजत होती. जे महत्त्वाचं नव्हतं तिथे बोट दुमडत नव्हती. मुठी तिने सोडून दिल्या.

"खिडकी आणि ओल," ती शेवटी घरमालकिणीला म्हणाली. "ही दोन कामं करून द्या. मग येते."

"सुताराला सांगते उद्याच. आठ दिवस तरी लागतील हो."

"चालेल. ताई येऊन बघून जाईल. तिने बरं म्हटलं की मी सामान आणते."

थोरलीने मान डोलवली. आता तो सुतार येणार, खिडकी उतरवणार, रंधा मारणार आणि परत बसवणार, आणि मग तिला ती उजेडात उभं राहून तपासावी लागणार, खोटं न बोलता. जिना उतरताना तिने मनोमन देवाकडे मागितलं, की तो सुतार कामात अगदी कच्चा निघावा.